त्र्याण्णव टक्क्यांचे डॉ. टरब्लांश

आमच्या संस्थेत सगळ्यात जास्त काम करणारा माणूस अकरा वर्षांपूर्वी वारला होता. ही गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यांत खुपायला हवी होती. खुपली नाही, कारण आम्ही सगळे शिकलेले लोक.

मी मर्ल अडोनिस. केप टाउनमध्ये क्षयरोगावरची नवी औषधं शोधणाऱ्या या संस्थेत बत्तीस वर्षं एनएमआर यंत्रावर बसते. रसायनज्ञ पातळ काचेच्या नळीत चिमूटभर काहीतरी घेऊन येतात आणि माझं यंत्र सांगतं, हवं होतं ते बनलंय की नुसता चिखल झालाय. बहुतेक वेळा चिखलच असतो. कुणाचं काय फसलं हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं, आणि कोण फसलेलं वहीत लिहितो, कोण गुपचूप मोरीत ओततो, तेही कळतं. लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके.

गेल्या मार्चमध्ये आमच्याकडे लुम्का आली. लुम्का म्हणजे खोसा भाषेत ‘शहाणी हो’. नाव ठेवलं आमचे संचालक प्रोफेसर डेलपोर्ट यांनी. त्यांना खोसाचे दोनच शब्द येतात, त्यातला दुसरा ‘आभार’. लुम्का म्हणजे संगणकातलं एक डोकं. कुठला पदार्थ कशात मिसळायचा ते तिला सांगायचं, की ती टक्के सांगणार: क्रिया जमेल की नाही. सत्तरच्या वर हिरवा दिवा, चाळीसच्या खाली लाल. मधला पिवळा असेल तर प्रोफेसरांची सही लागणार, आणि प्रोफेसर बहुधा विमानात असणार.

“अंदाजपंचे हात मारायचे दिवस संपले!” षटकोनी केक कापताना प्रोफेसर म्हणाले. “यापुढे हिरव्या दिव्याशिवाय भांडारातून एक थेंबही मिळणार नाही. चमचाही नाही.”

नियम खरोखरच चमच्यापर्यंत पाळला गेला. मला माझ्या यंत्रासाठी नेहमीचं क्लोरोफॉर्म हवं असलं तरी लुम्काची चिठ्ठी लागायची. त्यात कुठलीही क्रिया घडत नाही, नुसतं विरघळवायचं असतं, हे लुम्काला पटवताना माझा एक आठवडा गेला.

लुम्काला शिकवलं प्रिटोरियाहून आलेल्या कगीसोनं. गुणी मुलगा, पण आयुष्यात त्यानं चहासुद्धा स्वतः केला नसावा. त्यानं आमच्या १९८१पासूनच्या सगळ्या वह्या स्कॅन करून तिला वाचायला दिल्या. पदार्थ, तापमान, वेळ, तारीख आणि काम करणाऱ्याचं नाव, सगळं.

“नाव कशाला रे?” मी विचारलं होतं.

“आंटी, माहिती जितकी जास्त तितकं बरं. तिला जे उपयोगी नाही ते ती आपण होऊन सोडून देते.”

मी मान डोलावली. मला काय, केक चांगला होता.

या सगळ्यात जीव टांगणीला लागला तो नोसिफिवेचा. नोसिफिवे म्बोत्या, आमची संशोधक विद्यार्थिनी, ईस्टर्न केपमधल्या एन्गकोबोकडची. बाप वेल्कमच्या सोन्याच्या खाणीतून एक पत्र्याची पेटी आणि क्षय घेऊन परत आला आणि वर्षभरात गेला. ही पोरगी क्षयावरचंच औषध करत होती, आणि ते एका पायरीवर अडलं होतं. शेवटची रिंग बंद करायची, रेणूचं एक टोक दुसऱ्याला जोडायचं. झालं की औषध तपासायला जाणार, प्रबंध पुरा होणार. तिची शिष्यवृत्ती तीस सप्टेंबरला संपत होती. तोपर्यंत झालं नाही तर बॅग भरून घरी. तिथे आईनं चर्चमध्ये ‘माझी मुलगी डॉक्टर’ असं दोन वर्षं आधीच सांगून ठेवलेलं.

लुम्का येण्याआधी तिनं ही पायरी अकरा वेळा केली होती आणि अकराही वेळा माझ्याकडे चिखल आणला होता. मग तिनं पद्धतीत बरेच बदल केले आणि लुम्काला विचारलं. लुम्का म्हणाली, सात टक्के. लाल.

तिनं तापमान बदललं. सहा टक्के. वेळ बदलली. सात. पाच महिने ती लुम्काच्या पायऱ्या झिजवत होती आणि लुम्का काही केल्या पाघळत नव्हती.

ऑगस्टमध्ये एके दिवशी ती धापा टाकत माझ्याकडे आली.

“आंटी, माझा संगणक बंद पडला म्हणून मी कोपऱ्यातल्या जुन्या टेबलावरून भरलं. तिथं नावाच्या रकान्यात आधीपासून दुसरंच नाव होतं, मी पाहिलंच नाही. हे बघा.”

कागदावर तीच क्रिया, तेच तापमान, तीच वेळ. हिरवा दिवा. त्र्याण्णव टक्के. रसायनज्ञ: डॉ. एच. टरब्लांश.

“टरब्लांश मेला की गं,” मी म्हटलं. “मी फुलं घेऊन गेले होते.”

“मग मेलेल्या माणसाला जमतं ते मला का नाही जमत?”

आम्ही कगीसोला गाठलं. त्यानं पडदा वरखाली केला, डोकं खाजवलं, आणि त्याचा चेहरा पडला. लुम्का रसायनशास्त्र शिकलीच नव्हती. म्हणजे थोडंफार शिकली होती, पण तिला त्याहून सोपी वाट सापडली होती: माणूस बघायचा. टरब्लांशच्या वह्यांत चार हजार क्रिया, आणि जवळजवळ सगळ्या जमलेल्या. नोसिफिवेच्या वहीत दोनशे बारा, त्यातल्या एकशे नव्वद फसलेल्या.

“कारण मी फसलेल्या लिहिते!” नोसिफिवे ओरडली. “बाकीचे लिहीत नाहीत!”

“तिला ते कसं कळणार, ताई? तिच्या लेखी तुझ्या हाताला यश नाही. बस.”

“आणि तू तिला शहाणी म्हणतोस?”

“नाव मी नाही ठेवलं,” कगीसो पुटपुटला.

नावाचा रकाना काढून टाकायला त्याची तयारी होती. पण प्रोफेसर तयार नव्हते. तीन आठवड्यांत जिनिव्हाहून देणगीदार येणार होते, आणि लुम्का एक्क्याण्णव टक्के अचूक आहे हे त्यांना आधीच कळवून झालं होतं. रकाना काढला तर किती उरेल, असं त्यांनी विचारलं. कगीसो म्हणाला, साठ असेल. प्रोफेसर म्हणाले, मग पाहुणे गेल्यावर बघू.

बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. टरब्लांश यांनी चौदा क्रिया सुरू केल्या. आठवडाअखेरीस ते दिवसाला चाळीस करत होते. सगळ्यांचे दिवे हिरवे झाले, भांडाराच्या खिडकीपुढे रांग लागली. प्रोफेसरांनी ‘लुम्कामुळे कामाचा वेग तिप्पट’ असा तक्ता करून लिफ्टजवळ लावला. टरब्लांशना सुरक्षा विभागाची मेल आली: आग विझवण्याचं प्रशिक्षण अकरा वर्षं चुकवलंत, हे गंभीर आहे. मग मनुष्यबळ विभागानं त्यांना सप्टेंबरचे उत्कृष्ट कर्मचारी म्हणून निवडलं आणि फोटो मागवला. तरीही कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. क्लोरोफॉर्मसाठी मीही दोनदा टरब्लांश झाले. हिरवा दिवा दिसला की फार प्रश्न पडत नाहीत हो.

एकटी नोसिफिवे अडून बसली.

“अगं, एक नाव तर टाकायचंय!” मी तिला म्हटलं. “तीस तारीख जवळ आली. का उगाच अंगाशी आणतेस?”

“आंटी, माझा बाप खाणीत होता तेव्हा हजेरीपटावर त्याचं नावसुद्धा धड नव्हतं. ‘जॉन’ लिहिलेलं. साहेबाला उच्चारता येईना म्हणून. आता त्याच्याच रोगावरचं औषध मी मेलेल्या साहेबाच्या नावावर करू?”

मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं आणि ते मला आठवायला नको होतं.

लुम्काच्या चिठ्ठीवर खाली लहान अक्षरांत लिहिलेलं असायचं, अंदाज कशाच्या आधारे. नोसिफिवेच्या त्या हिरव्या कागदावर होतं: वही एकतीस, पान अठ्ठ्याऐंशी, १९८९. नाव नको तर नको, निदान मूळ वही तरी बघू, म्हणून ती भांडारात गेली. मला ओढत घेऊन गेली.

भांडारात बुटा रिदवान असतात. रिदवान सालि, बो-काप या जुन्या मुसलमान वस्तीतले, केस पांढरे, टोपी त्याहून पांढरी. त्यांना सगळे बुटा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात. प्रोफेसरही म्हणतात, पगारवाढीचा विषय नसेल तर. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते.

“वही एकतीस?” ते आत जाताजाता म्हणाले. “काय, रिंग बंद होत नाही का? अठ्ठ्याऐंशीवं पान असेल. बर्फात ठेवून थेंबथेंब सोडायचं. फिक्या चहाचा रंग आला की थांबायचं. गडद झाला की गेलं.”

नोसिफिवे माझ्याकडे बघायला लागली. बुटांनी वही आणून उघडली. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, सुबक तिरप्या अक्षरात, तेच होतं. खाली वेगळ्या पेननं वेडीवाकडी सही: टरब्लांश.

“बुटा, तुम्हाला पाठ कसं?”

“अक्षर माझंय, पोरी.” त्यांनी खिडकीवरची एक मागणीची चिठ्ठी वहीशेजारी ठेवली. तेच तिरपं अक्षर. “चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याण्णव. पगारपत्रकावर मी भांडी धुणारा. आमच्या लोकांचं नाव वहीत चालायचं नाही तेव्हा. डॉक्टर अकराला यायचे, चहा घ्यायचे, सह्या करायचे. माणूस वाईट नव्हता. वासानं त्यांचं डोकं दुखायचं.”

“मग नंतर? चौऱ्याण्णवला वर्णभेद गेल्यावर?”

“नंतर नियम बदलले. पदवी नाही त्यानं चंबूला हात लावायचा नाही. सगळ्यांना समान नियम.” ते हसले. “समान म्हटल्यावर काय बोलणार? मला भांडारात बढती दिली.”

नोसिफिवेनं त्यांच्यापुढे लुम्काची हिरवी चिठ्ठी ठेवली. बुटांनी चष्मा लावला, त्र्याण्णव वाचलं, आणि हसता हसता त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

“त्र्याण्णव! अगं, मीही तुझ्याइतकाच फसायचो! पण फसलेल्यावर डॉक्टर सही करायचे नाहीत. म्हणून तीनदा करायचं आणि तिसरं लिहायचं. तुझ्या त्या यंत्राला सांग, रिदवानचे फसलेले सगळे मोरीत आहेत.”

ती हसली नाही. “बुटा, माझं अकरा वेळा गेलंय. थेंबथेंब सोडूनही.”

“थेंबथेंब सोडायचा तो फॉस्फरसचा द्रव, त्याची बाटली कुठली वापरलीस? माझ्याकडची? ती दोन वर्षांपूर्वी उघडलेली. तिनं हवेतलं पाणी धरलंय. आम्ही ती आधी गाळून, म्हणजे उकळून वाफ थंड करून घ्यायचो, मगच वापरायचो. वहीत लिहिलं नाही, कारण ते न करणारा कुणी तेव्हा नव्हताच.” मग ते हळू म्हणाले, “तुझ्या हातात खोट नव्हती. बाटलीत होती.”

त्या पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाच महिने एक यंत्र तिला रोज सांगत होतं की तुझ्या हाताला यश नाही, आणि तिचा त्यावर विश्वास बसत चालला होता. मला लुम्काचा असा राग आला की काय सांगू.

“पण बाटली कशी देणार?” ती म्हणाली. “माझा दिवा लाल.”

बुटांनी हिरवी चिठ्ठी उचलून खिळ्याला लावली. “ही कुणाच्या हाताला मिळालीय? माझ्या. मग मी करतो. ते नाव तुझ्या तोंडून खोटं. माझी त्या नावावर चौदा वर्षं गेलीत, आणखी एक दुपार जाईल.”

शुक्रवारी दुपारी नमाज पढून बुटा परत आले तेव्हा प्रयोगशाळा रिकामी होती. सगळे टरब्लांश अडीचलाच घरी गेले होते. चार वाजता भारनियमनात वीज जाणार होती. बुटांनी बाह्या दुमडल्या. पंचवीस वर्षांनी त्यांनी चंबू हातात घेतला आणि तो उजेडाकडे असा धरून फिरवला की मी दारातच थांबले. बाटली गाळून झाली, बर्फ आला. नोसिफिवे थेंब सोडत होती, ते रंग बघत होते.

“हळू. घाई कुणाला आहे? वीजवाल्यांना. हां... आता थांब.”

फिका चहा.

पावणेचारला नळी माझ्या हातात आली. यंत्राला आधी नाव द्यावं लागतं, त्याशिवाय ते सुरू होत नाही. माझी बोटं आपोआप ‘टर’वर गेली.

हेच मला आठवायला नको होतं. मी एक्क्याण्णवमध्ये लागले. अठ्ठ्याण्णवपर्यंत बुटा रोज नळ्या घेऊन माझ्या दारात यायचे, आणि सात वर्षं मी त्यांच्याकडे बघत डॉ. टरब्लांश टाइप करायची. एकदाही विचारलं नाही. मी काही गोऱ्या साहेबांची नव्हते, मीही बुटांच्याच बाजूची. पण नोकरी नवी होती आणि दोन पोरं होती. लाज वाटते. तेव्हाही वाटत असेल, पण तेव्हा मी ती जाणवू दिली नाही.

“कुणाचं नाव घालू?” मी विचारलं.

“टरब्लांश घाल,” बुटा म्हणाले. “तुला सवय आहे.”

“नाही!” नोसिफिवे म्हणाली. “मी वहीत लिहिलंय. आम्हा दोघांची नावं. मी सगळं लिहिते.”

बुटांचा चेहरा उतरला. “पोरी, डिसेंबरात माझी नोकरी संपतेय. पदवी नसलेल्या माणसानं चंबू धरला, हे कळलं तर मला आत्ता हाकलतील. पेन्शन जाईल.”

ती वही छातीशी धरून म्हणाली, “मग... पान फाडू?”

चाळीस वर्षांत कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. बुटांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. तिथं रिकाम्या रकान्यात रेघ लुकलुकत होती.

“नको,” ते म्हणाले. “मर्ल, लिही. आडनाव माहीत आहे ना?”

मी लिहिलं. आर. सालि, एन. म्बोत्या. यंत्रानं सहा मिनिटं घेतली. रेषा इतकी स्वच्छ आली की मी ती दोनदा तपासली. रिंग बंद झाली होती. नोसिफिवे जमिनीवर बसून रडली आणि चार वाजता, ठरल्याप्रमाणे, अंधार झाला.

सोमवारी प्रोफेसरांचं बोलावणं आलं. “भांडारातल्या माणसानं चंबूला हात लावला? पदवीशिवाय? पाहुणे परवा येतायत आणि—”

“बरोबर आहे सर,” बुटा म्हणाले. त्यांनी ढकलगाडी आणली होती. तिच्यावर टरब्लांशच्या अठ्ठावन्न वह्या. “पदवी नसलेल्याचं काम चालत नाही. मग हेही काढा. सगळं माझंय. मर्लनं पाहिलंय.”

“मी पाहिलंय,” मी म्हटलं. पंचवीस वर्षं उशिरा, पण म्हटलं.

प्रोफेसरांनी कगीसोकडे पाहिलं. “या वह्या काढल्या तर लुम्का किती उरेल?”

“केक उरेल, सर. आणि तोही संपलाय,” कगीसो म्हणाला. त्या दिवसापासून मला तो आवडतो.

प्रोफेसरांनी खिडकीबाहेर पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, आणि म्हणाले की बुटा सालि यांचा अनुभव ही संस्थेची ठेव आहे, असं त्यांना नेहमीच वाटत आलंय. पेन्शन वाचली. नोसिफिवेचं औषध तपासणीला गेलं आणि तिला वर्षभराची मुदतवाढ मिळाली.

पण लुम्का रोज रात्री नवं वाचते. तिनं वाचलं: आर. सालि, एक क्रिया, एक यश. शंभर टक्के.

बुधवारी टरब्लांश एकदम गायब झाले आणि आर. सालि यांनी सदतीस क्रिया सुरू केल्या.

भांडारापुढे पुन्हा रांग लागली. सगळ्यांच्या हातात हिरवी चिठ्ठी, सगळ्यांवर एकच नाव. बुटांनी चष्मा लावून पहिली वाचली.

“हे कोण करणार?”

“तुम्हीच, बुटा,” पुढचा मुलगा हसत म्हणाला. “शंभर टक्के!”

“मी तर इथे बसलोय.” त्यांनी लाल पेननं नाव खोडलं आणि चिठ्ठी परत केली. दुसरी खोडली, तिसरी खोडली. कुणाला थेंब दिला नाही, चमचा दिला नाही.

रांगेत अकरावी मी होते. क्लोरोफॉर्मसाठी. चिठ्ठी पुढे करताना माझ्या लक्षात आलं की मी काय लिहिलंय, पण तोवर त्यांनी ती घेतली होती.

त्यांनी वाचलं. खोडलं नाही. माझ्याकडे बघितलं.

“सात वर्षं काम माझं होतं, मर्ल, तेव्हा नाव माझं नव्हतं. आता काम माझं नाही, तर नाव कशाला?”

त्यांनी पेन पुढे केलं. मी त्यांचं नाव खोडून खाली माझं लिहिलं आणि शेजारच्या संगणकात भरलं. लुम्का माझ्याबद्दल काहीच जाणत नव्हती. बत्तीस वर्षं मी फक्त दुसऱ्यांची नावं टाइप केली होती. दिवा लाल झाला.

“लाल आहे,” मी म्हटलं.

“दिसतंय मला,” बुटा म्हणाले, आणि त्यांनी बाटली माझ्यापुढे ठेवली.